एका फाशावर उभा असलेला क्लास: रॉगची ताकद आणि मर्यादा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार खेळाडू आणि खेळ चालवणारा एक डंजन मास्टर (डीएम) अशा तुमच्या गटाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे, नवे कॅम्पेन (सलग चालणारी कथा) तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करायचे ठरवले आहे. पॅलाडिन (चिलखती योद्धा), क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारा) आणि विझार्ड (जादूगार) या क्लासच्या, म्हणजे पात्र-प्रकारांच्या, जागा भरल्या आहेत. चौथ्या जागेसाठी तुम्हाला अंधारातून वावरणारा, लपून वार करणारा रॉग घ्यायचा आहे आणि त्यातही असॅसिन हा उपप्रकार मनात आहे. मात्र गटातल्या एकाचे म्हणणे असे, की रॉगचा डॅमेज (शत्रूला होणारी इजा) फायटरपेक्षा कमी पडतो, हा क्लास एकट्याने खेळणाऱ्यांचा आहे आणि पार्टीला त्याचा फारसा उपयोग होत नाही. यात तथ्य किती, असे तुम्ही विचारले आहे. (‘रोग’ असे लिहिले तर मराठीत भलताच अर्थ निघतो, म्हणून मी ‘रॉग’ असे लिहीत आहे.)

मी हा क्लास अनेक वर्षे खेळलो आहे आणि डीएम म्हणून इतरांचे रॉगही बरेच पाहिले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की या क्लासचे बळ आणि त्याची कमजोरी ही एकाच मुळातून येतात. रॉगचे जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे काम एकाच फाशावर ठरते. फायटर एका टर्नमध्ये दोन-तीन वार करतो आणि त्यातला एखादा चुकला तरी त्याचे चालते. विझार्डचा मंत्र पुरता लागला नाही तरी पुष्कळदा अर्धा परिणाम होतो. रॉगचा वार एक, स्टेल्थ चेक (लपण्यासाठी टाकायचा फासा) एक, कुलूप उघडण्याचा प्रयत्नही बहुधा एकच. तो फासा चांगला पडला तर रॉगइतका प्रभावी सोबती नाही आणि वाईट पडला तर त्या टर्नमध्ये त्याच्या हाती काहीच राहत नाही. म्हणून हा क्लास घ्यावा की नाही, हे ठरवताना त्या एका फाशाची जोखीम तुमच्या गटाला किती कमी करता येईल, याचाच विचार करावा.

आधी डॅमेजचा आक्षेप पाहू, कारण तो आकड्यांनी तपासता येतो. पाचव्या लेव्हलचा रॉग घ्या, डेक्स्टेरिटी (चपळाई) १८. शॉर्टबोचा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), त्यात डेक्स्टेरिटीचे ४ आणि स्नीक अटॅक या रॉगच्या जादा माऱ्याचे ३डी६ मिळून बाण लागला तर सरासरी १८ डॅमेज होतो. त्याच लेव्हलचा, स्ट्रेंग्थ १८ असलेला आणि ग्रेटसोर्ड वापरणारा फायटर दोन वार करतो व प्रत्येकाचे सरासरी ११ होतात. वार लागण्याची शक्यता दोघांचीही ६० टक्के धरली, तर दर टर्नला फायटरचे १३.२ आणि रॉगचे १०.८ भरतात. इथवर तुमचा मित्र बरोबर आहे. त्याहून मोठा फरक असा, की फायटरची टर्न पूर्ण वाया जाण्याची शक्यता १६ टक्के आहे, तर रॉगची ४० टक्के. पण रॉगला ॲडव्हांटेज मिळाला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायची मुभा मिळाली, की वार लागण्याची शक्यता ८४ टक्के होते, सरासरी १५.१ वर जाते आणि वाया जाणाऱ्या टर्नही १६ टक्क्यांवर येतात. क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट करणारा वार) आणि फायटरच्या फायटिंग स्टाइल व ॲक्शन सर्ज या क्षमता मी हिशेबात धरलेले नाहीत आणि ॲडव्हांटेज फायटरलाही अधूनमधून मिळतोच. तरीही मुद्दा बदलत नाही. ॲडव्हांटेजशिवाय खेळणारा रॉग खरोखर मागे पडतो आणि तो नियमितपणे मिळवणारा रॉग कोणाच्याही बरोबरीने उभा राहतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण नवे खेळाडू त्यापायी अर्ध्या लढाया फुकट घालवतात. स्नीक अटॅकसाठी लपलेले असणे ही अट नाही. तुमच्याजवळ फिनेस (चपळाईने चालवायचे) किंवा लांबून मारा करणारे शस्त्र असावे, आणि एकतर तुम्हाला ॲडव्हांटेज असावा किंवा तुमच्या लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू, जो शुद्धीवर आणि हालचाल करण्याच्या स्थितीत आहे, त्या लक्ष्यापासून ५ फुटांच्या आत असावा. दुसऱ्या परिस्थितीत तुमच्यावर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घेणे) नसला म्हणजे पुरे. तुमच्या गटात पॅलाडिन आहे. तो ज्या राक्षसासमोर ढाल घेऊन उभा राहील, त्या राक्षसावर तुमचा स्नीक अटॅक लागू होतो, भले तुम्ही भर उजेडात उभे असा. हा क्लास एकट्याने खेळणाऱ्यांचा आहे, हे म्हणणे यामुळेच मला पटत नाही. लढाईत कोणी सोबती शत्रूला भिडलेला नसताना रॉगची जेवढी पंचाईत होते, तेवढी क्वचितच कोणा क्लासची होत असेल.

ॲडव्हांटेज मिळवण्याचे मार्ग अर्थातच वेगळे आहेत. दुसऱ्या लेव्हलला मिळणाऱ्या कनिंग ॲक्शनमुळे डॅश (जास्त पळणे), डिसएंगेज (वार न खाता मागे हटणे) किंवा हाइड (लपणे) यांपैकी एक गोष्ट बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे मुख्य ॲक्शनखेरीजच्या छोट्या कृतीत, करता येते. खांबाआड लपावे, बाण सोडावा आणि पुढच्या टर्नला पुन्हा लपावे, हा नेहमीचा क्रम तिच्यावरच चालतो. वार करताच तुमची जागा उघड होते, म्हणून प्रत्येक टर्नला नवा स्टेल्थ चेक लागतो. हातात तलवार घेऊन हे जमवणे कठीण आहे, कारण आडोसा सोडून शत्रूच्या अंगावर धावून गेलात की तो सहसा तुम्हाला पाहतोच. २०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये स्टेडी एम हा पर्यायी नियम आला. त्या टर्नमध्ये जागचे हलायचे नाही आणि बोनस ॲक्शन खर्च करायची, की पुढच्या वाराला ॲडव्हांटेज मिळतो. तो तिसऱ्या लेव्हलपासूनच वापरता येतो, तेव्हा तुमच्या डीएमना तो मान्य आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. माझ्या मते रॉगसाठी दुसऱ्या कोणत्याही एका नियमाने एवढा फरक पडलेला नाही.

आणखी एक बारकावा असा, की स्नीक अटॅक दर टर्नला एकदा मिळतो, दर राउंडला (सर्वांची एकेक टर्न) नव्हे. शत्रू तुमच्याजवळून पळू लागला आणि तुम्ही त्याच्या टर्नमध्ये ऑपॉर्च्युनिटी अटॅक केला, तर सगळे फासे पुन्हा टाकता येतात. विझार्डने तुमच्यावर हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र टाकला तर त्यातून मिळालेल्या जादा ॲक्शनने आपल्या टर्नमध्ये वार करावा आणि मूळ ॲक्शन ‘रेडी’ करून (ठरलेल्या क्षणासाठी राखून) दुसऱ्याच्या टर्नमध्ये आणखी एक वार करावा. हे करताना रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमधली एक कृती) खर्च होते, म्हणजे पाचव्या लेव्हलला मिळणारा अनकॅनी डॉज (एका वाराचा डॅमेज निम्मा करणे) त्या राउंडपुरता हातचा जातो. समोर कोण उभे आहे, ते पाहून निवड करावी.

आता खुद्द लपण्याकडे येतो, कारण तुमचे मन तिथे आहे आणि बहुतेक रॉग जिवाला मुकतात तेही तिथेच. तिसऱ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १६ आणि स्टेल्थमध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्राविण्य) असेल तर तुमचा चेक वीस बाजूंच्या फाशावर +७ होतो. साध्या पहारेकऱ्याची पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता सहज लक्षात येण्याचा आकडा) १२ असते. बरोबरी लपणाऱ्याच्या बाजूने धरली तर फाशावर ५ किंवा अधिक पडायला हवे, म्हणजे ८० टक्के शक्यता. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण किल्ल्यात शिरताना दारावर एक, जिन्यावर एक, दालनात एक आणि परतताना एक असे चार चेक डीएमने मागितले, तर चारही पार पडण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर येते. माझ्या एका कॅम्पेनमध्ये एका अतिशय विचारी खेळाडूचा रॉग अगदी असाच गेला. त्याने प्रत्येक पाऊल जपून टाकले, तिसरा फासा २ पडला आणि सोबती दोन मजले खाली होते. त्याची चूक झाली नव्हती. चूक माझी होती, कारण एकाच घुसखोरीसाठी मी पुन:पुन्हा फासे मागत गेलो. तेव्हापासून परिस्थिती ठळकपणे बदलत नाही तोवर पहिला चेकच पुढे चालू ठेवायचा, असा माझा प्रघात आहे. तुमचे डीएम काय करतात, हे तुमच्या कॅरॅक्टर शीटवरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

उजेडाच्या नियमाकडे फार थोडे खेळाडू लक्ष देतात. मंद उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला डिसॲडव्हांटेज असतो आणि पॅसिव्ह आकड्यातून त्यासाठी ५ वजा होतात. डार्कव्हिजन असलेल्या प्राण्याला पूर्ण अंधार हा मंद उजेडासारखा दिसतो, म्हणजे हीच वजाबाकी त्यालाही लागू होते. वरच्या पहारेकऱ्याच्या जागी डार्कव्हिजन असलेला कोणी उभा केला आणि मशाल विझलेली असली, तर १२ चे ७ होतात; तुमचा +७ असताना फाशावर १ पडला तरी बेरीज ८ भरते, आणि ॲबिलिटी चेकमध्ये १ पडणे म्हणजे आपोआप अपयश नव्हे. एक मशाल विझवल्याने ८० टक्क्यांचे १०० टक्के होतात. मात्र वासावर किंवा कानावर चालणाऱ्या पहाऱ्याला अंधाराने काही फरक पडत नाही. लांडग्याची पॅसिव्ह पर्सेप्शन १३ आहे आणि वास व आवाज यांबाबत त्याला ॲडव्हांटेज असल्याने ती १८ पर्यंत जाते. कुत्री पाळलेल्या छावणीत शिरताना वाऱ्याची दिशा विचारणारा रॉग मला नेहमीच आवडतो.

तुमच्या असॅसिनच्या विचाराबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अचानक हल्ल्याच्या नियमामुळे. तिसऱ्या लेव्हलला असॅसिनला दोन गोष्टी मिळतात: लढाईत ज्याची अजून टर्न आलेली नाही अशा प्राण्यावर ॲडव्हांटेज, आणि बेसावध शत्रूवर लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल. यातली पहिली गोष्ट चांगली आहे आणि इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा फासा) वर आला की ती मिळते. दुसरी ऐकायला विलक्षण वाटते, पण २०१४ च्या नियमांनुसार शत्रू बेसावध तेव्हाच, जेव्हा त्याला एकाही धोक्याची चाहूल लागलेली नसते. चौघांपैकी एकाचा पाय वाजला तरी सगळ्यांची संधी गेली. तुमच्याच गटाचा अंदाज घेऊ. तुमची शक्यता ८० टक्के. डेक्स्टेरिटी १४ असलेल्या विझार्डची ५५. चेन शर्ट घातलेल्या, डेक्स्टेरिटी १० असलेल्या क्लेरिकची ४५. आणि चेन मेलमुळे डिसॲडव्हांटेजने चेक करणाऱ्या, तेवढ्याच डेक्स्टेरिटीच्या पॅलाडिनची २० टक्क्यांच्या आसपास. चौघे मिळून यशस्वी होण्याची शक्यता ४ टक्के निघते. पंचवीस वेळा प्रयत्न केला तर सरासरीने एकदा. ज्या क्षमतेसाठी तुम्ही हा उपप्रकार निवडत आहात, ती अशा स्थितीत कागदावरच राहील.

हेच चित्र एका मंत्राने बदलते. पास विदाउट ट्रेस हा दुसऱ्या पातळीचा मंत्र ३० फुटांच्या आतल्या सगळ्या सोबत्यांच्या स्टेल्थमध्ये १० मिळवतो आणि एकाग्रता टिकली तर एक तास चालतो. त्याच चौघांची शक्यता ४ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांच्या घरात जाते. हा मंत्र मुळात ड्रुइड आणि रेंजर यांचा आहे, पण ट्रिकरी डोमेन या उपप्रकाराच्या क्लेरिकला तो तिसऱ्या लेव्हलला आपोआप मिळतो, आणि त्या डोमेनचा क्लेरिक पहिल्या लेव्हलपासूनच दुसऱ्याला स्पर्श करून स्टेल्थवर ॲडव्हांटेज देऊ शकतो. गटाने एकत्र बसून निवड करावी असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणासाठी.

एकट्याने पुढे जाऊन टेहळणी करण्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. तिसऱ्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या रॉगचे हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो आकडा) सुमारे २४ असतात आणि अंगावर हलके चिलखत असते. चार जणांनी घेरले तर दोन राउंड निघणे कठीण. पण पळण्यात त्याची बरोबरी फार थोडे करतात: चाल ३० फूट, ॲक्शनने डॅश ३० आणि बोनस ॲक्शनने डॅश आणखी ३०, म्हणजे एका टर्नमध्ये ९० फूट. सोबती एका टर्नमध्ये ६० फूट येऊ शकतात. म्हणून मोकळ्या वाटेवर ६० फुटांपेक्षा फार पुढे जाऊ नये आणि जिथे दार मागे बंद होऊ शकते तिथे तेवढेही जाऊ नये, असा माझा नियम आहे. टेहळणीचा लाभ पहिल्या वारापेक्षा माहितीत जास्त असतो: किती जण आहेत, कोण झोपले आहे, दुसरे दार कुठे आहे. एवढे कळले की परत यावे. इतर तीन खेळाडूंना अर्धा तास नुसते बसवून ठेवणारी टेहळणी यशस्वी झाली तरी गटाला जड जाते आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला पुढे पाठवायला तयार होत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ हा याच नियमांवर आधारलेला संगणकावरचा खेळ खेळून आलेल्यांना हे समजायला वेळ लागतो, कारण तिथे पहारेकऱ्याच्या नजरेचा पट्टा जमिनीवर दिसतो आणि बिघडले तर मागची सेव्ह उघडता येते. टेबलावर यातले काहीच नसते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर या कामात रॉगला स्पर्धाही आहे. विझार्डचा फॅमिलिअर (मंत्राने बोलावलेला प्राणी-सोबती), विशेषत: घुबड, धोक्याच्या जागी जाऊन येऊ शकतो आणि मेला तरी १० गोल्ड पीसचे साहित्य व एक तास एवढाच खर्च होतो. इन्व्हिजिबिलिटी मंत्र कोणालाही अदृश्य करतो, जरी पावलांचा आवाज राहतोच. नॉक मंत्राने कुलूप उघडते, पण तो आवाज ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. रॉगची बाजू अशी, की त्याचे काम दिवसातून कितीही वेळा होते आणि त्यासाठी स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याचा मर्यादित साठा) लागत नाही. ज्या कॅम्पेनमध्ये दिवसाला एकच मोठी लढाई होते, तिथे हा फायदा दिसत नाही. जिथे विश्रांतीशिवाय पाच-सहा प्रसंगांतून जावे लागते, तिथे शेवटच्या प्रसंगात रॉग पहिल्याइतकाच ताजा असतो.

बचावाबाबत थोडक्यात सांगतो. अनकॅनी डॉज दिसणाऱ्या हल्लेखोराच्या एका वाराचा डॅमेज निम्मा करतो आणि सातव्या लेव्हलचा इव्हेजन फायरबॉलसारख्या, डेक्स्टेरिटी सेव्हवर (वाचण्यासाठी टाकायचा फासा) अर्धा डॅमेज होणाऱ्या माऱ्यातून यशस्वी सेव्हवर पूर्ण वाचवतो. खरी उघडी बाजू विझडम सेव्हची आहे, ज्यात पंधराव्या लेव्हलच्या स्लिपरी माइंडपर्यंत प्राविण्य नाही. भीती, संमोहन आणि जागीच खिळवणारा होल्ड पर्सन मंत्र यांच्यापुढे रॉग हतबल होतो. तुमच्या पॅलाडिनला सहाव्या लेव्हलला जो ऑरा मिळेल, तो १० फुटांतल्या सोबत्यांच्या सगळ्या सेव्हना आधार देतो. पण तुम्ही ६० फूट दूर लपलेले असाल तर तो तुम्हाला मिळणार नाही. मंत्र टाकणारा शत्रू समोर आहे असे कळले की मी लपण्याचा मोह सोडून पॅलाडिनच्या शेजारी उभा राहतो, आणि स्नीक अटॅक तिथूनही होतोच.

लेव्हल वाढत जाते तशी हीच एका फाशाची जोखीम कमी होत जाते, आणि या क्लासची रचना मला सुंदर वाटते ती इथे. अकराव्या लेव्हलचा रिलायबल टॅलेंट प्राविण्य असलेल्या चेकमध्ये ९ किंवा त्याहून कमी पडलेला फासा १० धरायला लावतो. डेक्स्टेरिटी २० आणि एक्स्पर्टीज असेल तर तुमचा स्टेल्थ चेक २३ च्या खाली जातच नाही. प्रौढ लाल ड्रॅगनची पॅसिव्ह पर्सेप्शन नेमकी २३ आहे. पण ६० फुटांपर्यंत त्याला ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय जाणण्याची शक्ती) असल्याने अंधार किंवा अदृश्यता यांच्या भरवशावर त्याच्याजवळ जाऊ नये, भरीव आडोसाच लागतो. विसाव्या लेव्हलचा स्ट्रोक ऑफ लक तर चुकलेला वार सरळ लागलेला ठरवतो. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत थीफ हा क्लास आला आणि १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या थीफला सावलीत लपण्याची मूळ शक्यता १० टक्के होती. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा रॉग झाला तेव्हाही अनडेड (मरून उठलेले) आणि कन्स्ट्रक्ट (जादूने चालणारे पुतळे) यांच्यावर स्नीक अटॅक चालत नव्हता. त्या तुलनेत आजचा रॉग कितीतरी भरवशाचा आहे. २०२४ च्या नियमांत स्टेडी एम मूळ क्लासमध्येच आला, रिलायबल टॅलेंट सातव्या लेव्हलवर उतरला आणि स्नीक अटॅकचे फासे सोडून शत्रूला पाडण्याची किंवा विषबाधा करण्याची सोय झाली, तेव्हा पुढेमागे तुमचा गट त्या नियमांकडे वळला तर रॉगचे काही नुकसान होणार नाही.

तुमच्या नेमक्या प्रश्नावर माझा निर्णय असा: रॉग जरूर घ्या, कारण पॅलाडिन पुढे उभा असताना तुमचा स्नीक अटॅक जवळजवळ दर राउंडला लागू होईल आणि तुमच्या गटात सापळे, कुलपे व टेहळणी सांभाळणारा दुसरा कोणी नाही. असॅसिन मात्र क्लेरिक ट्रिकरी डोमेन घेत असेल तरच घ्या. तसे होणार नसेल तर आर्केन ट्रिकस्टर हा मंत्र टाकणारा उपप्रकार पाहा. त्याच्या पहिल्या तीन मंत्रांपैकी एक कोणत्याही शाखेचा घेता येतो, तिथे फाइंड फॅमिलिअर घेतला की विझार्डला तो शिकायची गरज उरत नाही आणि लढाईत घुबड ‘हेल्प’ करून तुम्हाला ॲडव्हांटेज मिळवून देते. क्लेरिकने डोमेन अजून कागदावर उतरवले नसेल, तर पहिल्या सत्राच्या आधी त्याच्याशी बोला, आणि त्याच बैठकीत डीएमना तीन गोष्टी विचारा: स्टेडी एम चालेल का, एका घुसखोरीला किती स्टेल्थ चेक मागितले जातील आणि मंद उजेडातली ५ ची वजाबाकी ते लावतात का.